शेवटच्या नळाची बाटली

मी बी.एस्सी. होऊन नगरपालिकेच्या फिल्टर हाऊसवर लागले, तेव्हा कडेगावकडच्या आमच्या गावात वडिलांनी पेढे वाटले. पोरगी प्रयोगशाळेत लागली म्हणून. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली होती. तिला एक खिडकी, एक बेसिन, काचसामानाची एक मांडणी आणि दोन खुर्च्या, त्यांतल्या एकीचा पाय सुतळीनं बांधलेला. खिडकीतून कृष्णा दिसायची, एवढं मात्र सुख होतं. मी नोकरीच्या गावात मावशीकडे राहायचे. संध्याकाळी घरी आले की मावशी नाक मुरडून म्हणायची, "आधी कपडे बदल. दवाखान्यातून आल्यासारखी येतेस." क्लोरीनचा वास माणसाला कसा चिकटतो, हे तिला सांगून काही उपयोग नव्हता.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. गाव साताऱ्याच्या खाली आणि सांगलीच्या वर, कृष्णेच्या काठावरचं. नाव सांगत नाही, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती गावाची कमी आणि माझी जास्त आहे.

पाणी नदीत असतं आणि ते नळातून पडतं, एवढंच लोकांना माहीत असतं. मधल्या वाटेवर आम्ही सात-आठ माणसं बसलेली असायचो. नदीतून पंपानं ओढलेलं पाणी आधी पायऱ्या-पायऱ्यांवरून खाली सोडायचं, म्हणजे त्याला हवा लागते. मग त्यात तुरटीचं पाणी मिसळायचं. थोड्या वेळानं गाळाची पिंजलेल्या कापसासारखी फुलं धरायची आणि हळूहळू तळाशी बसायची. वरचं निवळ पाणी वाळूच्या थरांतून गाळायचं, शेवटी त्यात क्लोरीन सोडायचा आणि उंच टाकीत चढवायचं. हे सगळं मला पुस्तकातून येत होतं. फिल्टरवर ज्यांची हयात गेली होती त्या मामांना ते नुसत्या नजरेनं येत होतं.

मामांना मी मामा म्हणायचे, ते मला ताई म्हणायचे, आणि पहिलं वर्षभर आमचं पटत नव्हतं. तुरटी किती घालायची हे ठरवायला मी सहा काचपात्रं मांडून तासभर खपायचे. मामा हौदात डोकावून सांगायचे, "ताई, आज तुरटी वाढवाय लागतीया. उंब्रजकडं पाऊस पडलाय दिसतोय, पाण्याला तांबूस झाक हाय." तासाभरानं माझंही उत्तर तेवढंच यायचं. मला अशा वेळी राग यायचा. आपण शिकलेलं आणि दुसऱ्यानं न शिकता ओळखलेलं एकच निघालं, तर आनंद व्हायला हवा. मला तेव्हा व्हायचा नाही. मी तेवीस वर्षांची होते आणि मला वाटायचं, या गावाच्या पाण्याला माझीच वाट बघत बसावं लागलं होतं.

माझं खरं काम मात्र त्या खोलीबाहेरचं होतं. नळाला आलेल्या पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक असावा लागतो. शिल्लक असला की समजायचं, वाटेत कुठे घाण शिरलीच तरी तिला मारायला औषध अजून पाण्यात आहे. हे बघण्यासाठी काचेच्या नळीत पाणी घ्यायचं आणि त्यात ओ.टी. नावाच्या द्रावणाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. रंग आला नाही की नाही. एवढी सोपी परीक्षा. दर आठवड्याला मी सायकलवरून गावभर हिंडून असे नमुने तपासायचे आणि रजिस्टरात लिहायचे. टाकीजवळच्या घरांत रंग चांगला यायचा, मधल्या पेठेत फिका, आणि लांबच्या गल्ल्यांत अगदी लिंबाच्या सरबताइतका पुसट.

गावाच्या सगळ्यात शेवटी, रेल्वे फाटक आणि त्यापुढचा ओढा ओलांडला की एक वस्ती होती. आटपाडी-जतकडची मेंढपाळ माणसं. पूर्वी दर वर्षी मेंढरं घेऊन इकडे उतरायची आणि चार महिन्यांनी माघारी जायची. मग एका दुष्काळात मेंढरं विकून इथेच राहिली. पुरुष हमालीला नाहीतर वीटभट्टीवर, बायका उसाच्या भांगलणीला. आमच्या पाइपांच्या नकाशावर मी पेन्सिलीनं तिथे 'टेल एंड', म्हणजे पाइपाचं शेवटचं टोक, असं लिहिलं होतं आणि खाली रेघही ओढली होती.

वस्तीच्या तोंडाशी एकच सार्वजनिक नळ. त्याची जबाबदारी कुणी दिली नसताना आक्कांनी घेतली होती. आक्का म्हणजे पन्नाशीची उंच, सडसडीत बाई, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. नळाभोवती त्यांनी लोकांकडून कट्टा बांधून घेतला होता. कट्ट्यावर कुणी धुणं आपटलं की त्यांचा आवाज फाटकापर्यंत जायचा. पहिल्यांदा मी सकाळी दहाला तिथे पोचले, तर नळ कोरडा.

"आवं, पाणी पाचला येतंय," आक्का म्हणाल्या. "पाटंचं. पाऊण तास सोडत्यात. आता कुठलं?"

माझ्या पिशवीत दुसऱ्या गल्लीतलं पाणी होतं. पोरंबाळं जमली होती म्हणून मी ऐटीत तिथंच कट्ट्यावर प्रयोग करून दाखवला. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. "बघा, पिवळं झालं म्हणजे पाणी चांगलं," मी शाळेतल्या बाईसारखी म्हणाले. "पांढरंच राहिलं म्हणजे वाईट. पाण्यात औषध असलं की ते पिवळं होतं."

पोरं ओरडली. आक्का मात्र नळीकडे टक लावून बघत होत्या. "आन् पांढरं ऱ्हायलं तर काय करत्यात?" त्यांनी विचारलं.

"रिपोर्ट जातो वर," मी म्हणाले. त्यांच्या प्रश्नाकडे मी नीट लक्षच दिलं नाही.

आता माझी लबाडी सांगते. नियम असा होता की ही परीक्षा नळावरच, पाणी पडत असताना करायची. म्हणजे मी पहाटे पाचला फाटकापलीकडे हजर राहायला हवं होतं. मावशी नको म्हणाली, एकट्या मुलीनं अंधारात तिकडं जायचं नाही म्हणाली, आणि ते कारण मी सगळ्यांना सांगत असे. खरं कारण हे की मला पहाटेची झोप फार प्रिय होती. मामांना म्हटलं असतं तर ते माझ्याबरोबर आलेही असते. मी त्यांना विचारलंच नाही. त्याऐवजी मी आक्कांना बुचाची एक तपकिरी बाटली दिली आणि सांगितलं, "दर गुरुवारी पाणी आलं की ही भरून ठेवा. मी दहाला येऊन तपासेन."

"ठिवते की," आक्का म्हणाल्या. त्यांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली.

पहिल्या गुरुवारी बाटलीतलं पाणी छान पिवळं झालं. दुसऱ्या गुरुवारी त्याहून छान. मला आनंद झाला. पाच तास बाटलीत राहूनही पाणी इतकं पिवळं, म्हणजे नळाला तर अजूनच चांगलं येत असणार! महिन्यातून एकदा मी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जंतूंसाठी नमुना पाठवायचे. मी दिलेली दुसरी उकळलेली बाटलीही आक्काच भरून ठेवायच्या, आणि तिकडूनही 'पिण्यास योग्य' असं उत्तर यायचं. काही गुरुवारी तर शेवटच्या नळाचं पाणी मधल्या पेठेपेक्षा गडद पिवळं व्हायचं. मी ते मामांना मोठ्या कौतुकानं दाखवलं.

मामा रजिस्टरकडे बघून म्हणाले, "ताई, पाणी लांब गेलं की औशीद कमी व्हतं. वाढंल कशानं?"

मी त्यांना पंधरा मिनिटं रसायनशास्त्र ऐकवलं. पाइप सरळ असेल, गळती नसेल, गावातले लोक पहाटे पाणी कमी ओढत असतील, असं बरंच काही. मामा ऐकत राहिले आणि शेवटी "असंल बी" म्हणून वाळू धुवायला निघून गेले. त्यांचं ते "असंल बी" ऐकून मी जिंकले असं मला वाटलं. आज तो प्रसंग आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

त्याच सुमाराला पाणीपुरवठ्याचे साहेब यंदा कुठले जुने पाइप बदलायचे त्याची यादी करत होते. वस्तीला जाणारा बिडाचा पाइप ओढ्याच्या गटारातूनच गेलेला होता आणि तो जुना होता, म्हणून वस्तीनं अर्ज दिला होता. खाली सह्या कमी, अंगठेच जास्त. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "तिथलं पाणी कसं येतंय?"

मी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. "सगळ्यात चांगलं, साहेब."

साहेबांनी पानं चाळली, खूश झाले आणि तो अर्ज यादीच्या तळाशी सरकवला. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. समोर लिहिलेलं होतं, लिहिणारी उभी होती. मी त्या संध्याकाळी सायकलवरून गुणगुणत घरी गेले.

गणपती होऊन गेले आणि मामांनी एक दिवस सांगितलं, "फाटकाच्या पल्याड कावीळ झालीया म्हणं. पोरं लय पडल्यात."

मी लगेच म्हणाले, "बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल. पाणी चांगलं आहे तिथलं." इतक्या घाईनं म्हणाले की मामांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. तरी मी गुरुवारची वाट बघितली. मधे चार दिवस होते. ते चार दिवस मी काय केलं, हे मला आठवत नाही, आणि आठवत नाही याचंच वाईट वाटतं.

गुरुवारी आक्का घरी नव्हत्या. बाटली मात्र कट्ट्यावर ठेवलेली होती, भरून, बूच घट्ट लावून. मी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पिवळं धमक. शेजारच्या दारात एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. लेकराचे डोळे हळदीसारखे.

"आक्का कुठायत?"

"पाणी भरून झालं आन् सुनंला घिऊन मोठ्या दवाखान्यात गेल्यात. तिलाबी कावीळ झाली. सातवा हाय तिला."

गरोदर बाईला कावीळ होणं किती वाईट, हे मी वाचलेलं होतं. एका हातात ती पिवळी नळी होती आणि समोर ते लेकरू माझ्याकडे बघत होतं. मला पहिल्यांदाच माझ्या नळीची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला मी मामांच्या दारात उभी राहिले. ते काही न विचारता सायकल काढून निघाले. वस्तीच्या नळावर बायकांनी हंडे-कळश्यांची रांग लावलेली होती. त्यांनी मला वाट करून दिली. नळ आधी फुरफुरला, मग पाणी आलं. मी नळी भरली, थेंब टाकले आणि कंदिलापुढे धरली.

पाणी जसंच्या तसं राहिलं. मी ते ओतून टाकलं, पुन्हा भरलं. तसंच. तिसऱ्यांदाही तसंच. द्रावण खराब झालं असेल म्हणून मी फिल्टर हाऊसवरून आणलेल्या बाटलीतलं पाणी तपासलं, तर ते थेंब पडताच पिवळं झालं. बायका हंडे भरत होत्या, कारण पाऊण तासात त्यांना भरून घ्यायचं होतं. मी "थांबा, हे पिऊ नका, उकळून घ्या" असं काहीतरी ओरडत होते आणि त्या हो-हो म्हणत भरतच होत्या.

आक्का रात्रभर दवाखान्यात बसून तेवढ्यात परत आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली नळी बघितली आणि त्यांचा चेहरा पडला. "घरात या," एवढंच म्हणाल्या.

घर एका खोलीचं, सारवलेलं, लख्ख. त्यांनी देवळीतून एक लहान प्लास्टिकची बाटली काढून माझ्यापुढे धरली. आरोग्य खात्याची नर्स पावसाळ्यात घरोघरी क्लोरीनच्या थेंबांच्या बाटल्या वाटायची, हंड्यात टाकायला. त्यातलीच ती.

"ह्यातलं दोन थेंब टाकत हुते तुमच्या बाटलीत," आक्का म्हणाल्या. "दोनी बी बाटल्यांत. पयल्यापासनं."

"का पण?"

"तुमीच म्हणलासा न्हवं, पिवळं झालं की चांगलं? पांढरं ऱ्हायलं की वर रिपोट जातोय." त्यांनी दाराबाहेर बोट दाखवलं. वस्तीच्या टोकाला एक हातपंप होता, त्याला लाल रंग फासलेला आणि दांडा काढून नेलेला. "त्या बोरचं पाणी असंच तपासलं. वाईट निगालं म्हणून लाल रंग मारला, दांडा काडून न्हेला. दुसरा कोन दील? वरीसभर आमी फाटकाच्या पल्याडनं पाणी आणलं, लोकांच्या शिव्या खाऊन. तवा कुठं ह्यो नळ मिळाला. ह्योबी न्हेला तर?"

"मग तेच थेंब तुमच्या हंड्यात का नाही टाकले?" मी ओरडलेच. माझा आवाज मला आजही ऐकू येतो. सून दवाखान्यात असलेल्या बाईशी मी त्या आवाजात बोलले.

आक्का खरोखरच गोंधळल्या. "हंड्यात कशाला? वास येतोय त्याचा, च्या कडू लागतोय. आन् पाणी तर तुमीच तिकडं शुद्द करून सोडतासा की. आमास्नी वाटलं, पाणी चांगलंच हाय. नुसतं तुमच्या परीक्षेत नापास व्हायला नगं."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. आमच्या तुरटीवर, वाळूवर, माझ्या ऐटीवर. पाणी शुद्धच आहे, हे त्यांना मीच तर सांगितलं होतं. पाणी फिल्टर हाऊसवरून चांगलंच निघत होतं, त्यात खोट नव्हती. पण पाऊण तासानं नळ बंद झाला की ओढ्यातल्या त्या सडक्या पाइपात आजूबाजूची घाण ओढली जायची, आणि दुसऱ्या पहाटे तीच सगळ्यात आधी हंड्यात पडायची. हे मला रजिस्टरानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं, मी पाचला उठले असते तर.

"बाई," आक्का हात जोडून म्हणाल्या, "तेवडं लिवू नगा. नळ न्हेतील."

"नळ नेणार नाहीत, आक्का. पाइप बदलतील," मी म्हणाले. तसं म्हणायचा मला काही अधिकार नव्हता. पण त्यांचे जोडलेले हात मला बघवत नव्हते.

मी त्याच दिवशी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं, लिहूनही दिलं. बाटलीचं, पाच वाजताचं, थेंबांचं. साहेब लालबुंद झाले. "म्हणजे त्या बाईनं नगरपालिकेला फसवलं!"

"नाही, साहेब," मी म्हणाले. "मी तिला परीक्षेचं उत्तर आधीच सांगून ठेवलं होतं. तिनं ते पाठ केलं. नमुना घ्यायला मी जायचं होतं, मी गेले नाही." हे वाक्य मी नीट म्हटलं. त्या सगळ्या महिन्यांत मी नीट केलेलं हे एकच काम असावं.

साहेबांनी यादी पुढे ओढली. मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. वस्तीचा अर्ज काढून यादीत सगळ्यात वर ठेवला, आणि तोवर नळ बंद करायचा हुकूम दिला. दुसरी गोष्ट बरोबर होती. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं. पण दुपारी आमची माणसं नळाला टोपण बसवून लाल रंग फासत होती, तेव्हा आक्का कट्ट्यापाशी उभ्या होत्या आणि मीही उभी होते. त्यांना जी भीती होती तेच झालं होतं, आणि ते माझ्या सहीनं झालं होतं.

नवा पाइप पडेपर्यंत टँकर जायचा. टँकरमध्ये क्लोरीन किती घालायचा ते मामा ठरवायचे आणि मी तपासायचे. आता मी त्यांच्याशी वाद घालत नव्हते. मी रोज टँकरबरोबर जायचे. बायका पाणी भरायच्या, माझ्याकडे बघायच्या, कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आक्कांची सून वाचली. मूल वाचलं नाही. पोटातच गेलं. मुलगा होता.

ती घरी आल्यावर मी एकदा भेटायला गेले, पण आक्कांनी मला दारातच थांबवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तिला थेंबाचं सांगू नगा, बाई. तिच्या नजरंतनं उतरंन मी." मी हो म्हणाले. कुठल्या तोंडानं नाही म्हणणार होते? आत अंधारात ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. एकोणीस-वीस वर्षांची असेल, माझ्यापेक्षा लहान. मी तशीच परत फिरले.

दिवाळीनंतर पाइप पडला. या वेळी तो ओढ्यातून नेला नव्हता, पुलाच्या कडेनं वरून नेला होता. लाल रंगाचा नळ काढून तिथे नवा बसवला. पहिलं पाणी सोडायचं त्या पहाटे मी पाचच्या आधीच कट्ट्यावर जाऊन बसले. मामाही आले होते, मफलर गुंडाळून. आक्का रांग लावून घेत होत्या. त्यांचा आवाज पुन्हा थोडा चढला होता, तो ऐकून मला बरं वाटलं. आणि रांगेत पहिली, कडेवर कळशी घेऊन, त्यांची सून उभी होती. आजारातून उठल्यावर ती पहिल्यांदाच नळावर आली होती. हात काटकुळे झाले होते.

पाणी आलं. मी नळी भरली, थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, अगदी फिकं, शेवटच्या नळाला यायला हवं तेवढंच. मामांनी मान हलवली. आक्कांनी डोळे मिटून घेतले.

सून जवळ आली आणि नळीकडे बघत राहिली. "ह्ये पाणी चांगलं हाय?" तिनं मला विचारलं.

"हो."

"आन् आदीचं?"

"आधीचं वाईट होतं," मी म्हणाले.

तिनं कळशी कट्ट्यावर ठेवली. मग तिनं विचारलं, "मग आदी का न्हाई बगितलं?"

आक्का माझ्या समोरच होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्यांना वाटलं असावं, आता ही सांगणार. मी सांगितलं नाही. वचन दिलं होतं म्हणून नव्हे. त्या दोन थेंबांमागे मीच होते, हे मला पुरतं ठाऊक होतं म्हणून.

"पाणी पहाटे पाचला यायचं," मी म्हणाले. "पाचला मी यायला हवं होतं. मी आले नाही."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला काहीतरी बोलेल. तिनं कळशी नळाखाली लावली, भरू दिली, उचलून कमरेवर घेतली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजत नव्हतं, म्हणून ती म्हणाली, "पाचला तर आमी रोज हितंच असतोय की, बाई."